‘राणी’ या शब्दाचे काय करायचे?

काही वर्षांपूर्वी मी ज्या केंद्रीय कार्यालयात होतो, त्याचे नाव बदलले. संकेतस्थळावर सर्वत्र नवे नाव दिसावे, अशी टिपणी माझ्यासमोर आली व मी तिला मंजुरी दिली. आशय-व्यवस्थापन प्रणालीला ‘जुना शब्द शोधा, नवा घाला’ अशी एकच आज्ञा देण्यात आली आणि काही मिनिटांत सारी पाने बदलली. महिन्याभराने एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचे पत्र आले. त्यांच्या संग्रहातील जुन्या आदेशावर एक नाव होते. संकेतस्थळावरील त्याच क्रमांकाच्या व दिनांकाच्या आदेशावर दुसरे. त्या दिनांकाला नवे नाव अस्तित्वातही नव्हते. मग खरी प्रत कोणती, एवढेच त्यांनी विचारले होते.

चूक माझी होती. राखीव प्रतीवरून जुने आदेश पूर्ववत करून घेतले. पण त्या निमित्ताने याहून कितीतरी मोठ्या शब्दबदलाचा इतिहास पुन्हा वाचला.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, तरी आधीचे कायदे अनुच्छेद ३७२ अन्वये चालू राहिले. त्या कायद्यांत राणी, सम्राट, ब्रिटिश इंडिया हे शब्द ठायी ठायी होते. प्रत्येक कायद्यासाठी स्वतंत्र विधेयक आणणे व्यवहार्य नव्हते. म्हणून याच अनुच्छेदाने राष्ट्रपतींना आदेशाद्वारे कायद्यांचे अनुकूलन करण्याचा अधिकार दिला. त्याची मुदत दोन वर्षांची होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती तीन वर्षे झाली. १९३७ व १९४८ मध्येही असे आदेश निघाले होते. त्याच परंपरेत ‘विधि अनुकूलन आदेश, १९५०’ आला.

या आदेशात एक कोष्टक होते : एका स्तंभात जुना शब्द, दुसऱ्यात नवा. मात्र त्यासोबत अपवादही होते. कायद्याचे शीर्षक, उद्देशिका आणि अन्य कायद्याचा नामनिर्देश यांतील शब्दांना हात लावायचा नव्हता. जेथे आदेशानेच वेगळी तरतूद केली होती, तेथे कोष्टक लागू नव्हते. शिवाय पूर्वीच्या कायद्यानुसार रीतसर झालेल्या कृतींना बाध येऊ नये, अशी व्यावृत्ती होती.

भारतीय दंड संहिता, १८६० उघडून पाहावी. कलम १२१ मध्ये राणीविरुद्ध युद्ध पुकारणे हा अपराध होता. तेथे ‘राणी’च्या जागी ‘भारत सरकार’ आले. कलम १३ मध्ये ‘राणी’ची व्याख्या होती, ते कलमच गाळले गेले. कलम १४ मधील ‘राणीचा सेवक’ जाऊन ‘शासनाचा सेवक’ आला. कलम १२४-क मधून सम्राज्ञीचा उल्लेख वगळला, पण त्या जागी काहीही घातले नाही. शब्द राणीविषयीचाच, निर्णय मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. यंत्राने चारही ठिकाणी एकच शब्द बसवला असता.

छापील संहितेत अशा बदलांखाली तळटीप असे : मूळ शब्द कोणता, तो कोणत्या आदेशाने गेला. कलम १२४-क खालील टिपांवरून ब्रह्मदेशाचा उल्लेख १९३७ मध्ये आला व १९४८ मध्ये गेला, हेही कळते. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. परंतु तळटिपांची ती शिस्त आजही अनुकरणीय आहे.

अभिलेख म्हणजे शासनाने नागरिकाला दिलेला शब्द होय. तो बदलण्याचा अधिकार शासनाला असू शकतो. तो कधी बदललाच नव्हता असे भासवण्याचा अधिकार नाही. त्यानंतर माझ्यापुढे अशी टिपणी आली, की मी दोनच प्रश्न विचारत असे : कोणती पाने वगळली आहेत? आणि बदलाची नोंद कोठे ठेवली आहे?