पोलिसांपुढील कबुलीजबाब

दहशतवादाचा बंदोबस्त आणि माणसाचे मूलभूत हक्क यांचा मेळ लोकशाही राज्याने कसा घालावा, हा प्रश्न एवढा विस्तीर्ण आहे की एका व्याख्यानाच्या अवधीत तो सगळा घ्यावयाचा म्हटले तर हाती केवळ शब्द राहतील. म्हणून आम्ही त्याचा एक लहानसा कोपरा निवडला आहे. आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे गुन्हा कबूल केला, तर ती कबुली न्यायालयाने पुरावा म्हणून वाचावी की नाही? प्रश्न दिसावयास वकिली कीस काढण्यासारखा आहे. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत राज्याची सत्ता आणि माणसाचे शरीर यांची प्रत्यक्ष गाठ जेथे पडत आली, ती जागा हीच होय.

१८५४ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला आणि कंपनी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८५५ मध्ये बाहेर पडला. सारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठी सरकारी नोकर काय काय करीत, याची त्यात मोठी यादी आहे. दोन काठ्या एका टोकाशी बांधून त्यांच्या चिमट्यात बोटे पिळावयाची, मान खाली वाकवून दोरीने पायाशी जखडावयाची, डोळ्यांना मिरची लावावयाची, असले ते प्रकार. वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा यात हात नाही, असा निर्वाळाही आयोगाने दिला. तो कितपत मानावयाचा ते ज्याने त्याने ठरवावे. परंतु छळ होतो आणि तो सर्रास होतो, हे सरकारी कागदावर कायमचे उमटले.

१८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात आणि मग १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात या गोष्टीचा परिणाम दिसतो. कलम २५ असे : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. कबुली द्यावयाचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटपुढे. हा कायदा रचणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा काही कनवाळू गृहस्थ नव्हता. कडक शासनाचा तो पुरस्कर्ता. पण हिंदुस्थानातल्या एका मुलकी अधिकाऱ्याने त्याला जे सांगितले ते त्याने पुढे नमूद करून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, उन्हातान्हात पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे पोलिसाला अधिक सोयीचे वाटते. कलम २५ च्या मागचे सगळे मर्म या एका निरीक्षणात आहे. छळ करणारा दर वेळी क्रूरच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ आळशी असतो, किंवा वरून आलेल्या घाईने गांजलेला असतो.

याच कायद्याच्या २७ व्या कलमाकडे लोकांचे लक्ष फारसे जात नाही. आरोपीने पोलिसाला सांगितले की शस्त्र अमुक विहिरीत टाकले आहे, आणि त्या विहिरीत खरोखरच शस्त्र सापडले, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. म्हणजे पोलिसाने विचारू नये, आरोपीने बोलू नये, असे कायदा म्हणत नाही. विचारा, ऐका, त्या धाग्याने पुढे जा आणि मग वस्तू घेऊन या, एवढेच तो म्हणतो. हक्कांच्या बडिवारामुळे पोलिसांचे हात बांधले गेले, अशी ओरड ज्यांना करावयाची असेल त्यांनी ही दोन कलमे एकाखाली एक वाचावीत.

स्वराज्य आले. १९५० च्या राज्यघटनेने विसाव्या अनुच्छेदात आणखी एक ग्वाही दिली : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही. परक्या सरकारने आपल्याच पोलिसांवरच्या अविश्वासाने जे लिहिले, त्याच्यावर आपल्या लोकांनी तत्त्व म्हणून शिक्कामोर्तब केले. पुढे सुमारे सदतीस वर्षे याला कोणी हात लावला नाही.

हात लागला तो १९८७ मध्ये. पंजाब तेव्हा जळत होता. दहशतवाद प्रतिबंधाचा पहिला कायदा १९८५ मध्ये दोन वर्षांपुरता झाला होता. त्याच्या जागी आलेला दुसरा कायदा, जो ‘टाडा’ म्हणून लोकांच्या तोंडी बसला, त्यात १५ वे कलम आले. पोलीस अधीक्षकाच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली पुराव्यात घेता येईल, असे ते कलम. सरकारच्या बाजूने जे सांगितले गेले ते पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. साक्षीदार उभे राहत नव्हते. उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी जिवंत राहील याची खात्री नव्हती. ज्या गावात दिवसाढवळ्या माणसे बसमधून उतरवून मारली जातात, तेथे पंच आणणार कोठून? ही अडचण खरी होती. तिच्यावर काढलेला उपाय बरोबर होता की नाही, एवढाच वाद आहे.

तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मार्च १९९४ रोजी कर्तारसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी १५ वे कलम घटनेला धरून आहे असे ठरविले; न्यायमूर्ती रामस्वामी आणि न्यायमूर्ती सहाय यांनी या कलमापुरते विरुद्ध मत दिले. बहुमताने काही पथ्ये सांगितली. कबुली मोकळ्या वातावरणात घ्यावी, आरोपीच्याच भाषेत लिहावी, नंतर त्याला विलंब न लावता मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, इत्यादी. पथ्ये चांगलीच होती. पण अधीक्षक झाला तरी तो त्याच खात्याचा, त्याच तपासाच्या यशापयशाशी बांधलेला. खांद्यावरची चिन्हे वाढली म्हणून मोह कमी होतो, असे मानण्यास १८५५ च्या अहवालात तरी आधार नाही.

या कायद्याखाली देशभरात ७० हजारांवर माणसे पकडली गेली आणि दोषी ठरली ती त्यांतली फारच थोडी. ज्या प्रांतांत दहशतवादाचे नाव नव्हते तेथेही तो सढळ हाताने वापरला गेला. १९९५ च्या प्रारंभी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्रे लिहून त्याची मुदत वाढवू नये असे विनविले. मे १९९५ मध्ये तो संपला.

येथे कोणी म्हणेल, मग मुंबईचे काय? प्रश्न रास्त आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गेली. तो खटला टाडाखालीच चालला आणि २००६-०७ मध्ये १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले. पोलीस उपायुक्तांनी नोंदविलेल्या कबुल्या त्यात होत्या आणि न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या. परंतु त्या तपासाचा पहिला धागा कबुलीतून आलेला नाही. वरळीला शस्त्रांसह बेवारस सोडलेली एक मारुती मोटार पोलिसांना सापडली. तिच्या नोंदणीवरून ते त्याच रात्रीच्या सुमारास माहीमच्या घरापर्यंत पोहोचले. रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, माल उतरल्याचे उघड झाले. तो उन्हात हिंडून मिळविलेला पुरावा होता आणि खटल्याचा कणा त्याने धरला.

या मोहात पडणारे आपण एकटेच नव्हे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दोन दारूच्या गुत्त्यांत बॉम्ब फुटून २१ माणसे मेली. आठ दिवसांच्या आत पार्लमेंटाने दहशतवाद प्रतिबंधाचा कायदा पार केला. मुदत सहा महिन्यांची घातली. या ना त्या रूपाने तो २००० सालापर्यंत टिकला. सहा आयरिश माणसे पकडली गेली, त्यांपैकी चौघांनी पोलिसांपुढे लेखी कबुली दिली आणि १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. इतिहासाची गंमत अशी की, हिंदुस्थानातल्या पोलिसासाठी इंग्रजांनी जे २५ वे कलम लिहिले ते स्वतःच्या घरी कधी लिहिले नाही. विलायतेत पोलिसापुढची कबुली ती स्वेच्छेची असेल तर चालत असे. अविश्वास काळ्या शिपायावर, विश्वास गोऱ्यावर!

त्या सहा जणांनी मारहाणीबद्दल पोलिसांवर दिवाणी दावा लावला तेव्हा, १९८० मध्ये, लॉर्ड डेनिंगसारख्या नामांकित न्यायाधीशाने तो पुढे चालू देण्यास नकार दिला. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. ही माणसे जिंकली तर पोलिसांनी मारले, खोटी शपथ घेतली, कबुल्या बळाने घेतल्या असे ठरेल. ते चित्र इतके भयंकर आहे की दावाच थांबवावा! पुढे कागदांवर उमटलेल्या दाबाच्या खुणा तपासण्याची एक नवी रीत निघाली आणि पोलिसांच्या नोंदी सांगितल्या तशा, सांगितल्या वेळी लिहिलेल्या नव्हत्या असे दिसून आले. १४ मार्च १९९१ रोजी सहाही जण सुटले. सोळा वर्षे गेली होती. सरकारने त्याच दिवशी फौजदारी न्यायावर शाही आयोग नेमला, त्यातून अन्यायाने झालेल्या शिक्षा पुन्हा तपासणारे एक मंडळ पुढे १९९७ मध्ये कामास लागले. हे त्या देशाचे भूषण म्हटले पाहिजे. पण त्या २१ खुनांबद्दल नंतर दुसऱ्या कोणासही शिक्षा झालेली नाही. खोट्या कबुलीने खरा गुन्हेगार सोळा वर्षे निर्धास्त राहिला; त्याच्या मागचा पाठलागच बंद पडला होता.

आपल्याकडे २००१ च्या अखेरीस ‘पोटा’ आला. मार्च २००२ मध्ये तो पार करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. घटनेच्या इतिहासातली ती तिसरीच. कबुलीचे कलम पुन्हा आले, मात्र आरोपीला ४८ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची अट घालून. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या कबुल्या, पथ्ये पाळली नाहीत म्हणून, बाजूला सारल्या आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर निकाल दिला. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात झालेल्या हत्याकांडाचा निकाल त्याहून विदारक आहे. १६ मे २०१४ रोजी न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले. त्यांपैकी तिघांना फाशीची शिक्षा झालेली होती. हल्लेखोरांच्या खिशात सापडली म्हणून सांगितलेली पत्रे, देह गोळ्यांनी चाळण होऊन रक्ताने माखले असता, स्वच्छ कशी राहिली, याचे उत्तर कोणाला देता आले नाही.

पोटा २००४ मध्ये रद्द झाला. त्यानंतर २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र आली. १६६ माणसे मेली. डिसेंबरात संसदेने बेकायदा कृत्यांच्या कायद्यात कडक दुरुस्त्या केल्या. जामीन दुर्घट केला, आरोपपत्राशिवाय कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत नेली. या दुरुस्त्यांबद्दलही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु पोलिसांपुढच्या कबुलीचे कलम मात्र तिने आणले नाही, आणि तेही देश संतापाने पेटलेला असताना. जिवंत सापडलेल्या कसाबचा खटला आर्थर रोडच्या तुरुंगात उघड चालला. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन धरून ठेवलेला तो आरोपी, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एका वृत्तपत्रीय छायाचित्रकाराने टिपलेली त्याची छबी, सहाशेंवर साक्षीदार. कबुली होती तीही मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली. सर्वोच्च न्यायालयात त्याच्यातर्फे बोलण्यास न्यायालयानेच ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमले. त्याच खटल्यात हिंदी नागरिक असलेले दोघे सहआरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांत ती सुटका कायम राहिली. १८७२ च्या नियमात राहून हे सगळे झाले.

राहता राहिला महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा. संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ मध्ये केलेल्या ‘मोक्का’च्या १८ व्या कलमात टाडाचीच तरतूद पुन्हा घेतली होती, टाडा गेला, पोटा गेला, हे कलम राहिले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे घरी परतली नाहीत. खटल्याला मोक्का लावला गेला आणि बहुतेक आरोपींच्या कबुल्या उपायुक्तांनी नोंदविल्या. सर्वांनीच त्या पुढे नाकारल्या. दरम्यान २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेने पकडलेल्या एका वेगळ्या टोळीतल्या माणसाने हेच स्फोट आम्ही केले असा जबाब दिला. एका गुन्ह्याच्या दोन कबुल्या, दोन टोळ्यांच्या! तो जबाबही पुढे न्यायालयात टिकला नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांपैकी एक २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतील मजकूर ठिकठिकाणी सारखाच आहे, छळाच्या तक्रारीला वैद्यकीय कागदांचा आधार आहे, आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकारपक्षाला सिद्ध करता आलेले नाही, असे न्यायालयास आढळले. गुन्ह्याचा छडा लागल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मोकळाच राहतो, असेही न्यायमूर्तींनी लिहिले. तीन दिवसांनी, राज्य सरकारच्या अपिलावर, हा निकाल इतर मोक्का खटल्यांत पायंडा म्हणून धरू नये एवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही.

डब्यांत मेलेल्यांच्या घरच्या माणसांनी एकोणीस वर्षे त्या खटल्याची वाट पाहिली होती. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या परिसरात ते बॉम्ब फुटले. ते कोणी ठेवले, हा प्रश्न २००६ च्या जुलैत जेथे होता तेथेच २०२५ च्या जुलैत येऊन उभा राहिला.