मेनेंदेस पिदाल आणि ओस्माची परटीण

मध्ययुगीन स्पॅनिश वाङ्मयाच्या अभ्यासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास रामोन मेनेंदेस पिदाल (१८६९–१९६८) हे नाव टाळता येत नाही. त्यांचे बहुतेक मोठे सिद्धांत आज वादग्रस्त ठरले आहेत. तरीही त्यांच्याशी वाद घालावयाचा तर साधने त्यांच्याच संग्रहातून घ्यावी लागतात.

१८९६ साली त्यांनी लारा घराण्यातील सात राजपुत्रांच्या आख्यायिकेवर ग्रंथ लिहिला. या राजपुत्रांवरील वीरकाव्य नष्ट झालेले होते. परंतु जुन्या गद्य बखरी वाचताना मधूनच वाक्यांच्या अखेरीस स्वरांचे यमक जुळते, हे त्यांनी हेरले. बखरकाराने काव्य समोर ठेवून त्याचे गद्य केले होते, आणि ते करताना पद्याचा सांगाडा पुरता मोडला नव्हता. त्या अवशेषांवरून हरवलेल्या काव्यातील ओळी त्यांनी पुन्हा उभ्या केल्या.

मे १९०० मध्ये त्यांचा मारिया गोयरी यांच्याशी विवाह झाला. माद्रिदच्या विद्यापीठात रीतसर शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत. नवदांपत्य प्रवासास निघाले ते एल सिद ज्या मार्गाने देशोधडीला लागला त्या मार्गाने! ओस्मा येथे मारियाबाईंनी एका परटिणीस एक जुने कथागीत म्हणून दाखविले. तिने ते आपणास येते असे सांगितले, आणि आणखीही गीते म्हटली. त्यांतील एक ऐकताना मारियाबाईंच्या ध्यानात आले की, हा १४९७ साली मरण पावलेल्या युवराज हुआनचा मृत्युप्रसंग आहे. चारशे वर्षे हे गीत कोणत्याही छापील संग्रहात आले नव्हते. ते केवळ मुखोमुखी जगले होते. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यास याचे फारसे नवल वाटणार नाही. परंतु कास्तिलमध्ये ही परंपरा संपली, असे त्या काळचे विद्वान समजत होते. या शोधाचे श्रेय मारियाबाईंना पुरेसे दिले जात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुढील आयुष्यभर उभयतांनी या गीतांचे पाठ जमविले. १९०५ च्या सुमारास एक्वादोर व पेरू यांच्या सीमातंट्यानिमित्त स्पेनच्या राजाने पिदाल यांना दक्षिण अमेरिकेत धाडले, तेव्हा तेथेही त्यांनी गीते टिपून घेतली. १४९२ साली हद्दपार झालेल्या यहुद्यांच्या वंशजांनी मोरोक्कोत व बाल्कन प्रदेशात जपलेली गीतेही त्यांच्या संग्रहात आली.

याच अनुभवातून त्यांची मीमांसा घडली. मूळ, शुद्ध असा एकच पाठ शोधणे व्यर्थ होय. काव्य जगते ते पाठभेदांतच, आणि प्रत्येक गायक त्याचा सहकर्ता असतो, असे ते मानीत. फ्रान्समध्ये जोझेफ बेदिए यांनी वीरकाव्ये ही यात्रामार्गांवरील मठांच्या आश्रयाने उशिरा रचली गेलेली व्यक्तिनिर्मिती होय, असे प्रतिपादिले होते. पिदाल यांचे उत्तर असे की, परंपरा शतकानुशतके सुप्तावस्थेत राहू शकते. लिखित पुरावा नाही म्हणून गाणे नव्हते असे होत नाही. रोलांची कथा अकराव्या शतकातच स्पेनमध्ये ठाऊक होती हे दाखविणारे सान मिल्यान मठातील लॅटिन टिपण दामासो आलोन्सो यांनी १९५३ च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा वृद्ध पिदाल यांना मोठे पाठबळ मिळाले. तथापि या युक्तिवादातील धोका उघड आहे. मौन हाच पुरावा मानला की मग कोणतेही अनुमान खोडून काढता येत नाही.

हा धोका त्यांच्या सिद-संशोधनात विशेष जाणवतो. १९०८ ते १९११ या काळात त्यांनी सिदकाव्याची पाठ, व्याकरण व शब्दकोश यांसह तीन खंडांची आवृत्ती सिद्ध केली. तिच्यावाचून आजही पुढे जाता येत नाही. काव्याचे एकुलते एक हस्तलिखित ७४ पानांचे, आरंभीचे पान हरवलेले, आणि पिदाल घराण्यातील नातलगांच्याच मालकीचे होते. पुसट अक्षरे वाचण्यासाठी पूर्वीच्या अभ्यासकांप्रमाणे त्यांनीही रसायने वापरली, आणि काही पाने काळवंडली. हस्तलिखिताच्या अखेरीस पेर आबात या लेखकाचे नाव व १२०७ हे वर्ष येते. त्या आकड्यांमधील रिकाम्या जागेत एक शतकाचा अंक खरवडला गेला असावा, असे मानून त्यांनी ही प्रत १३०७ ची ठरविली; काव्य मात्र ११४० च्या सुमाराचे मानले. सिद १०९९ साली वारला. काव्य जितके त्याच्या काळाजवळ, तितके ते इतिहास म्हणून विश्वसनीय, ही त्यांची निष्ठा होती, आणि १९२९ सालच्या ‘सिदचा स्पेन’ या ग्रंथात तीच काव्याला साक्षीदार करते. आज बहुतेक अभ्यासक काव्य १२०० च्या आसपासचे मानतात. १२०७ हे वर्ष मूळ प्रतीचे असून उपलब्ध प्रत चौदाव्या शतकातील नक्कल होय, असा कल दिसतो.

यादवी युद्धाने त्यांचे कार्य विस्कटले. १९१० साली स्थापन झालेल्या ज्या इतिहास-अध्ययन केंद्रात त्यांनी शिष्यपरंपरा निर्माण केली, ते बंद पडले. आमेरिको कास्त्रो आणि नावार्रो तोमास देशाबाहेर गेले. पिदाल स्वतः बोर्दो, क्युबा, न्यूयॉर्क असे फिरून १९३९ मध्ये परतले. अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे पुन्हा आले ते १९४७ साली.

१९६० साली ते हस्तलिखित माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ९२ व्या वर्षी, पिदाल यांनी सिदकाव्यास एक नव्हे, दोन कवी आहेत असे मांडणारा लेख प्रसिद्ध केला. पहिला कवी सान एस्तेबान दे गोर्मासचा, सिदला जवळचा. दुसरा मेदिनासेलीचा, कल्पनेकडे झुकणारा. पन्नास वर्षे सांभाळलेल्या आपल्याच मतात त्यांनी अखेर एक नवा पाठभेद घातला.