गळेकाढू

गळेकाढू (विशेषण): दुःखापेक्षा रडण्याचाच गाजावाजा अधिक करणाऱ्या लेखनाला, नाटक-चित्रपटाला किंवा भाषणाला लावले जाणारे, बहुधा उपहासाचे विशेषण. ते 'गळा काढणे' या वाक्प्रचारावरून आले असून त्यातील 'गळा' म्हणजे 'गोड गळ्याची गायिका' असे म्हणताना अभिप्रेत असतो तोच, म्हणजे आवाज. येथे वचनाला महत्त्व आहे: पडलेले मूल गळा काढते तेव्हा त्याच्या रडण्याविषयी शंका नसते, पण पुढारी कुणाच्या नावाने 'गळे काढतात' असे म्हटले की ते रडणे दाखवण्यापुरते आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. 'गहिवर' हा शब्द दाटून आलेल्या कंठाचा आहे. गळेकाढूपणात कंठ कधीच दाटत नाही.

विषय करुण असला म्हणजे मांडणी गळेकाढू होतेच, असे नाही. आंद्रा नदीच्या खोऱ्यातील आंदर मावळात, टाकवे बुद्रुकच्या आसपासच्या खेड्यांत, पिठाची गिरणी येण्यापूर्वी बायका पहाटे जात्यावर बसत आणि दळताना ओव्या गात. सासुरवास, दुरावलेले माहेर, भावाची वाट पाहणे हे त्या ओव्यांचे नित्याचे विषय. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, त्यांत मावळ-मुळशीच्याही आहेत. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून जाते फिरवत, एका हाताने जात्याच्या तोंडात मूठभर दाणे सोडत आणि ओवी त्या फेऱ्यांच्या तालातच संपवावी लागे, त्यामुळे हुंदका लांबवायला सवडच उरत नसे. शिवाय ऐकणारी समोरची बाईच, जिला हे सारे ठाऊक असे.

याच सासुरवासावर बेतलेला, विजय कोंडके दिग्दर्शित व अलका कुबल यांची प्रमुख भूमिका असलेला 'माहेरची साडी' (1991) हा चित्रपट मात्र अश्रुपाताचा मराठी मापदंडच ठरला. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरही (1935) हळवेपणाचा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही, तथापि तेथे आईचे छोटे-छोटे व्यवहार इतके नेमके टिपले आहेत की त्या पुस्तकाला गळेकाढू म्हणणे अन्यायाचे होईल.

भाववाचक नाम 'गळेकाढूपणा'. थिएटरात रुमाल भिजवणाऱ्या प्रेक्षकाला हे विशेषण सहसा लागत नाही. त्याच्यासाठी बोलीत 'रडूबाई' आहे, मग तो पुरुष का असेना.