दोन पैशांची खसखस

आजीची पाककृतींची एक वही आमच्याकडे आहे. दोऱ्याने शिवलेली, निळ्या शाईतली, पानोपानी तुपाचे डाग. अनारशांच्या पानावर एवढंच आहे - 'तांदूळ १ शेर, गूळ ३ पाव, तूप नवटाक, खसखस दोन पैशांची. पीठ बेताचं सैल.' बस्स! कृती नाहीच. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हे 'किती' म्हणजे नेमकं किती, ते सांगणारी घरात एकटी आई उरलीय. तीही आता ऐंशीची. म्हणून म्हटलं, तिच्याकडून कळलेलं आणि मापांच्या इतिहासाबद्दल वाचलेलं एकदा लिहूनच ठेवावं.

खसखशीपासून सुरुवात करू. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. मसाल्याचं किडुकमिडुक किमतीवरच मागायची पद्धत होती. दोन पैशांची पुडी केवढी असते हे वाण्यालाही ठाऊक आणि घरच्यांनाही, मग वहीत वजन कशाला लिहायचं? नाणी बदलली, भाव चढले, आणि हे माप मुकं झालं. आई लहानपणी अशा पुड्या आणायची. ती म्हणाली, "पुडी सोडून ताटलीत पसरली की ताटलीचं बूड झाकायचं." आम्ही तेवढी खसखस पसरून मोजली. चार चमचे भरली.

आता शेर. इथे खरी गंमत आहे. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २० तोळ्यांचा, आणि नवटाक म्हणजे अर्धा पाव, ११७ ग्रॅमच्या आसपास. पण मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि त्याचे चाळीस शेर, म्हणजे तो शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा! नाव एक, वजनात जवळजवळ तिपटीचा फरक. गाव माहीत नसेल तर वही वाचताच येत नाही.

शिवाय शेर हे नुसतं वजन नव्हतंच. धान्य तोलत नसत, मापत. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भांडी होती, आणि ती काठोकाठ नाही, शिगोशीग भरायची. मग वहीतला शेर कुठला? आईला प्रश्नच कळेना. "तांदूळ मापाने, गूळ तराजूने. त्यात विचारायचं काय?" एकाच ओळीत दोन वेगळ्या पद्धती, आणि लिहिणारीला ते सांगावंसंही वाटलं नाही, कारण ते कुणाला माहीत नसेल असं तिच्या मनातही आलं नसणार.

मग दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात आले, आणि काही वर्षांतच शेर-छटाक दुकानांतून उठले. बाजाराच्या सोयीसाठी ते हवंच होतं. पण घरोघरच्या वह्यांची भाषा एका पिढीत जुनी झाली, ती अशी.

मराठीत छापील पाकपुस्तकं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं. पण घराघरात पोचलं ते १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. त्यांनी मापं दिली वाटी आणि चमच्याची. मला यातली हुशारी फार उशिरा लक्षात आली. वाटी हे वजन नाही, प्रमाण आहे. तुमची वाटी मोठी असो की लहान, सगळं त्याच वाटीने घेतलं की पदार्थ जमतो. नोकरीपायी परगावी बिऱ्हाड केलेल्या, आई-सासू जवळ नसलेल्या मुलीला असंच माप हवं होतं. ते कायद्याने बदलत नाही आणि महागाईने वाढतही नाही.

तरी 'बेताचं सैल' कुठल्याच मापात बसत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ कालवून गोळे मुरत ठेवायचे हे सांगता येतं. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात 'हसतो', म्हणजे विरघळून पसरतो, हेही सांगता येतं. पण गोळा अंगठ्याने दाबून आई "आता झालं" म्हणते, ते काय बघून? गेल्या दिवाळीत माळ्यावरचं शेराचं माप काढलं, शिगोशीग तांदूळ भरून काट्यावर ठेवलं. किलोच्या आसपास भरले. गूळ सातशे ग्रॅम घेतला. पहिला अनारसा खाऊन आई म्हणाली, "सासूबाईंच्या हातचा नाही, पण मापाचा आहे."

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे अशी वही असेल तर ती नुसती जपून ठेवू नका. ती वाचू शकणारं माणूस घरात असेतो त्याच्याशेजारी काटा घेऊन बसा. मूठ, चिमूट, ओंजळ, जे काय असेल ते त्यांच्याच हाताने घालायला लावा आणि तोलून घ्या. वजन समासात लिहा, मूळ शब्द मात्र खोडू नका. आणि हो, गावाचं नावही लिहा.