परम्याचे सोवळे भाऊबंद

बंगळुरातल्या इस्पितळांत मल्याळी परिचारिका पावलोपावली भेटतात. त्यांच्यापैकी एखादीने उद्या कुणा मराठी आजोबांना चुकून आपल्या मायबोलीत 'प्रमेहमुंडो?' असे विचारले, आणि आजोबांना जुन्या मराठीची जाण असली, तर ते घुश्शातच उठतील. ती बिचारी एवढेच विचारते आहे, की मधुमेह आहे का. पण आपल्याकडे प्रमेहाचा झाला 'परमा', आणि परमा म्हणजे चारचौघांत नाव काढू नये असा गुप्तरोग. मल्याळममध्ये तोच शब्द इतका सोवळा, की सरकारी फलकांवरही मधुमेहासाठी चालतो.

ही फाटाफूट कशी झाली असावी? चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. मधुमेह त्यात शेवटच्या चारांतला, तर कफाच्या दहांत एक 'शुक्रमेह'ही आहे. मल्याळमने प्रमेहाच्या या छत्रीची एक काडी धरली, मराठीने दुसरी, असे दिसते. हिंदीतला 'प्रमेह'ही बराच काळ परम्याच्याच संगतीत वावरत होता.

मूळ धातू 'मिह्'. धातुपाठ त्याचा अर्थ 'सेचन' असा सभ्यपणे देतो, आणि 'मेघ'ही त्यातूनच निघाला असे जुने वैयाकरण मानतात. आकाश आणि मूत्रपिंड एकाच क्रियापदात बसवणारी ही व्युत्पत्ती मोहक आहे खरी, पण प्राचीन इराणी भाषेतली अवेस्ता आडवी येते. तिथे मूत्राच्या शब्दात झकार आहे (मएझ), ढगाच्या शब्दात घकार (मएघ). फारसीत ढगाला 'मेघ'च्या अगदी जवळचा शब्द आजही आहे. म्हणजे 'मेह'चा ह आणि 'मेघ'चा घ हे दोन निराळ्या मूळ ध्वनींचे वारस असावेत. संस्कृतात ते इतके शेजारी आले, की सख्खे वाटू लागले.

ग्रीकांना या रोगात गोडी दिसली नाही, पाणी दिसले. 'डायाबेटिस' म्हणजे आरपार जाणारा. पाणी आत ओतावे आणि नळीने बाहेर पडावे, तसा. गोडीची आठवण देणारे 'मेलिटस', म्हणजे मधाळ, हे शेपूट त्याला युरोपात थेट सतराव्या-अठराव्या शतकांत लागले. अरबांनी ग्रीक शब्द उचलला, त्यातल्या दकाराचा झकार झाला, आणि उर्दूत 'झियाबेतस' आला. मराठीने फारसीकडून हकीम घेतला, दवा घेतली, हा शब्द मात्र घेतला नाही. बंगळुरात कानावर पडणारा तमिळ 'नीरिळिवु' ग्रीकांच्याच पंगतीतला: नीर म्हणजे पाणी, इळिवु म्हणजे ओसरणे. वैद्यकाने पाण्याचे नाव ठेवले की मधाचे, यावरून वैद्य कशाकडे पाहत होता ते कळते. आपल्या वैद्यांनी मुंग्या पाहिल्या होत्या. रोग्याच्या मूत्राकडे त्यांची रांग लागते, हे चरकाने नोंदवून ठेवले आहे.

गावाकडचा कन्नड माणूस मात्र यातले काहीच म्हणत नाही. तो म्हणतो 'सक्करे कायिले'. सक्करे म्हणजे आपली साखर. दोघींची आई 'शर्करा', आणि शर्करेचा जुना अर्थ खडे, वाळू. प्राकृतात 'सक्कर' आणि 'सक्खर' अशी दोन्ही रूपे फिरत असावीत. कन्नडला पहिले मिळाले, मराठीला दुसरे. ग्रीक 'साक्खारोन'मध्येही तो ख ऐकू येतो. फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर' अशी मजल दरमजल करत ती इंग्रजीत 'शुगर' झाली, आणि आता 'मला शुगर आहे' म्हणून चाळीत परत आली. बाहेर जाताना ती खाण्याची वस्तू होती, परतली ती रोग होऊन.

'कायिले' म्हणजे आजार, पण त्याची गंमत निराळी. कन्नडात 'काहिले' असेही लिहितात, त्यावरून हा अरबी 'काहिल'चा, म्हणजे आळशी, गळून गेलेल्याचा वंशज असावा. आपली 'अंगाची काहिली' त्याच घरची म्हणावी, तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळातली काहील मध्ये येते. उसाचा रस जिच्यात रटरटतो ती ही थोरली कढई संस्कृत 'कटाहा'च्या कुळातली दिसते, आणि जिवाची काहिली तिच्याच आचेवर झालेली असणे जास्त संभवते. साखरेच्या रोगाला कन्नडात 'काहिले' आणि गुळाच्या कढईला मराठीत 'काहील' हा निव्वळ योगायोग. पण असे योगायोग कोशकारांची झोप उडवतात.

मधुमेहाच्या जोडीने येणाऱ्या हृदयरोगाचे गोत्र त्या मानाने सरळ. बंगळुरात बन्नेरघट्टा रस्त्यावर असलेल्या जयदेव या हृदयरोग-संस्थेच्या कन्नड नावात 'हृद्रोग' आहे, आणि हा शब्द थेट ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातला: सूर्याने माझा हृद्रोग आणि हरिमा, म्हणजे कावीळ, घालवावी, अशी तिथे प्रार्थना आहे. तो आजचाच हृदयविकार की नुसती जिवाची तगमग, ते कळत नाही. त्याच नावात 'संशोधना' आहे आणि तिचा अर्थ आपल्यासारखाच. हिंदी माणूस मात्र 'संशोधन' वाचून घटनादुरुस्ती समजेल. फारसी 'दिल' हा हृदयाचा चुलतभाऊ. 'काळीज' हे मुळात यकृत. आणि 'धमनी'त 'ध्मा', फुंकणे. ग्रीकांप्रमाणे आपल्या पूर्वजांनाही या नळीतून वारा वाहतो असे वाटले असावे.

हे दोन रोग हातात हात घालून येतात, हे बंगळुरात मोजून झाले आहे. तिथल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांच्या पुढाकाराने देशातल्या 50 शहरांतल्या 20,468 हृदयरुग्णांची नोंद झाली. 2008मध्ये ती छापली गेली, तेव्हा त्यांतल्या 30.4 टक्क्यांना मधुमेह होता. चरकाच्या सूत्रस्थानातल्या सतराव्या अध्यायातही पाच हृद्रोग आणि मधुमेह शेजारी बसले आहेत. पण तो अध्याय रोगांची मोजदाद करणारा आहे. त्याला हा संबंध ठाऊक होता, असे म्हणणे म्हणजे पदरचे घालणे.

पुढे 2009मध्ये त्याच मंडळींचा सहभाग असलेली 'पॉलिकॅप'ची चाचणी प्रसिद्ध झाली: पाच औषधे एका कॅपसुलात. यातला 'पॉलि' संस्कृत 'पुरु'चा भाऊ, पुष्कळ या अर्थाचा. कन्नडात कोणतीही गोळी म्हणजे 'मात्रे'. मराठीत मात्रा उगाळून चाटवायची, किंवा ती कुणावर चालत नाही म्हणून हात टेकायचे.

गोळीबरोबर येते ते पथ्य, दोन्ही भाषांत. ते 'पथिन्'पासून, म्हणजे वाटेला धरून असलेले, म्हणून हितकर; हिरड्याला संस्कृतात 'पथ्या' म्हणतात ते याच अर्थाने. मराठीत सुटे 'पथ्य' ऐकले की आधी बंदीच आठवते: भात नको, आंबा नको. आणि तरी एखादी गोष्ट 'पथ्यावर पडते', तेव्हा आपला फायदाच होतो. जुना अर्थ वाक्प्रचारात दडी मारून बसलेला दिसतो.