तळटीप : महदाईसा

महदाईसा. महानुभाव पंथातील तेराव्या शतकातील संन्यासिनी. महदंबा या नावानेही परिचित. मूळ नाव रूपाईसा. वैधव्यानंतर त्या प्रथम दादोस या गुरूंच्या शिष्या झाल्या आणि पुढे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या परिवारात आल्या. पंथाचे पहिले आचार्य नागदेव हे त्यांचे चुलत बंधू. स्वामींनी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने संन्यासाचा अधिकार दिला, आणि त्यासोबत त्याची सारी कठोरताही: संचय नाही, घर नाही, दारोदार मागितलेली भिक्षा आणि एकांतातले नामस्मरण. याच शतकात इटलीतील असिसी येथे संत क्लारा (मृत्यू 1253) आपल्या मठासाठी निर्धनतेचा नियम पोपकडून मान्य करून घेत होत्या. क्लारांचे व्रत मठाच्या भिंतीआड चालले. महदाईसांचे गावोगाव फिरत. त्यांच्याकडे मठाचे आधिपत्य नव्हते, तरी पंथात त्यांच्या शब्दाला वजन होते, ते त्यांच्या जिज्ञासेमुळे. स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या ‘लीळाचरित्रा’तील त्यांची कित्येक निरूपणे महदाईसांच्याच नेमक्या प्रश्नांतून निघाली आहेत. केवळ भाविक शिष्या म्हणून त्यांची ओळख करून देणे अन्यायाचे होईल.

स्वामींच्या प्रयाणानंतर त्या रिद्धपूर (जि. अमरावती) येथे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिल्या. प्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने त्यांनी उत्स्फूर्तपणे रचलेले रुक्मिणीस्वयंवराचे ‘धवळे’ (विवाहगीते) प्रसिद्ध आहेत. ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही रचनाही त्यांच्या नावावर आहे. मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून वाङ्मयेतिहासात त्यांचे स्थान निश्चित आहे.