गुंदच्या वाटेवरचा डॉक्टर

कोकणी बोलणाऱ्या घरात ‘जोर आयला’ म्हणजे ताप आला. मराठी किंवा कानडी कानाला तोच शब्द बळाचा, ताकदीचा वाटतो. उळवीच्या बाजूला, रानात वसलेल्या गुंदसारख्या गावातली आजी आणि बळ्ळारीकडून नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण डॉक्टर समोरासमोर बसले, की निदानाची पहिली पायरी अशा एखाद्या शब्दावरच अडखळू शकते. तो ‘एल्लि नोवु?’ विचारणार, ती ‘खंय दुखता’ ते आपल्या बोलीत सांगणार. घरात कोकणी, भजनात मराठी आणि कचेरीत कानडी ही वाटणी आपल्याला नवी नाही. पण या वाटणीत डॉक्टर कुठे बसतो आणि त्याला तिथे बसायला कोणी शिकवले, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

१८६२ साली उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपे. ते सुपे गाव पुढे काळी नदीवरच्या धरणात बुडाले. या तालुक्याला सरकारी वैद्यकाची जी काही वाट होती, ती जवळजवळ शंभर वर्षे मुंबई-पुण्याकडून येत होती.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या पदवीधरांत मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. शिक्षण सगळे इंग्रजीत आणि पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यांना ते कुठून पुरणार? म्हणून १८६० नंतरच्या दशकात याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषेतून शिकवायचे, त्यासाठी पुस्तके मराठीत करायची, आणि तयार झालेल्या ‘हॉस्पिटल असिस्टंट’ला जिल्ह्यात पाठवायचे, अशी ती योजना. पुढे मराठी शिक्षणाची ही धुरा पुण्याकडे गेली आणि १८७८ साली तिथे बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकशाळा उभी राहिली. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. साहेब डॉक्टरापुढे हा असिस्टंट उभाच राहायचा. तरीही माझ्या मते इंग्रजी अमदानीतला वैद्यकशिक्षणाचा सर्वांत शहाणा प्रयोग हाच. रोग्याच्या तोंडचे शब्द आणि डॉक्टरच्या पुस्तकातले शब्द तिथे एका भाषेत आले. घाटापलीकडे पणजीची वैद्यकशाळा तर १८४२ चीच. पण तिची भाषा पोर्तुगीज, आणि तिथून शिकून निघालेले कितीतरी जण मोझांबिककडे गेले.

मराठी वर्ग टिकला नाही. इंग्रजी पुन्हा वर आली. त्याची जागा परवानाधारक डॉक्टरांनी घेतली. मॅट्रिकनंतर चारेक वर्षे शिकून एल.एम.पी. व्हायचे, किंवा १९१२ साली मुंबईत निघालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची परीक्षा देऊन एल.सी.पी.एस. सीमाभागातल्या जुन्या पेठांमधून फिरताना ही अक्षरे कुठल्याशा पुसट पाटीवर वाचल्याचे पुष्कळांना आठवत असेल. बाटलीत लाल मिक्श्चर, बाहेरून डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, आत कंपाउंडर. नवा डॉक्टर एखाद्या जुन्याच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे बसायचा. नाडी, जीभ आणि रोग्याचे घर पाहायला तिथे शिकायचा. खरी पाठशाळा तीच होती. १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय नोंदवहीत मात्र या मंडळींना जागा दिली नाही.

मग भोर समितीचा अहवाल आला, १९४६ साली. समितीच्या हिशेबाने देशात नोंदलेले डॉक्टर ४७,५२४. त्यांतले २९,८७० परवानाधारक. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर. एवढी टंचाई समोर असताना समितीने म्हटले, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, विद्यापीठातून पदवी घेतलेला. परवान्याच्या शाळा बंद. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले की संख्या पुरी होईपर्यंत त्या चालू ठेवा. ते मागे पडले. पुण्याची शाळा त्याच वर्षी कॉलेज झाली. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यावा, हा समितीचा प्रश्न चोख होता. पण पूर्ण शिकलेला डॉक्टर गुंदला जाईल कशावरून, याचे उत्तर तिने भावी पिढीच्या सेवावृत्तीवर सोडले.

राज्यपुनर्रचनेनंतर हुबळीला १९५७ साली आणि बेळगावला १९६३ साली मेडिकल कॉलेज निघाले. शिक्षण जवळ आले, पण ते चालले मोठ्या वॉर्डांत, तज्ज्ञांच्या मागे. रानातल्या दवाखान्यात लागणारी विद्या निराळीच. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची ओळख पटली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. पुढे हा रोग गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात दिसला. अशा मुलखात डिसेंबर ते मे या महिन्यांत तापाचा रोगी आला, तर रक्त काढण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: रानात मेलेले माकड दिसले का? हा प्रश्न त्याला कळेल अशा बोलीत विचारता आला पाहिजे.

तरुण डॉक्टर रोग्याजवळ बसून राहिला तर काय होते, याचा दाखला कोकणातच आहे. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एम.बी.बी.एस. होऊन १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती, पुस्तकात उपाय नव्हता. ते रात्र रात्र खाटेशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब टिपत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि १९८६ साली पत्नी प्रमोदिनी यांच्यासह प्राझोसिन या औषधाचा अनुभव. पण हे एका माणसाच्या चिकाटीचे फळ. तसे बसायला शिकवणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

इंग्लंडने अशी व्यवस्था उभी केली. १९५० साली कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तिथल्या जनरल प्रॅक्टिसची दुर्दशा उघड केली; दोनच वर्षांत या डॉक्टरांचे स्वतंत्र कॉलेज निघाले आणि १९८० नंतर तीन वर्षांचे खास प्रशिक्षण सक्तीचे झाले. आपल्याकडे १९७७ साली प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गट दत्तक घ्यावेत अशी योजना निघाली. ती बहुतेक कागदावर आणि गाड्यांच्या गॅरेजात राहिली. कर्नाटकाने २०१२ साली नव्या डॉक्टरांना सक्तीच्या ग्रामीण सेवेचा कायदा केला. सक्तीने माणूस पोचतो. पोचल्यावर त्याला शिकवणार कोण, हे उरतेच. २०१९ च्या वैद्यक आयोगाच्या कायद्यात ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ म्हणून मर्यादित परवान्याचे कलम आले, तेव्हा डॉक्टर संपावर गेले. १९४६ चाच वाद, तोही जवळजवळ त्याच शब्दांत.

कारवारला २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे धडे आहेत. स्थानिक म्हणजे इथे कानडी, आणि ते रास्तच आहे. पण इंटर्नशिपच्या बारा महिन्यांतले तीन सामुदायिक वैद्यकासाठी असतात. त्यांतले काही आठवडे जोयड्याच्या रानाकडच्या केंद्रात जावेत, आशाताईंना शेजारी बसवून रोगी तपासावेत, आणि कुणबी, गवळी, सिद्दी माणूस दुखण्याला काय काय म्हणतो त्याची एक वही केंद्रातच राहावी, पुढच्या डॉक्टरासाठी. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मराठी वर्गाने याहून मोठे काम केले होते.